एक लॅपटॉप, दोन मॉनिटर

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नागाव, चौल ही गावे मागे टाकून रेवदंड्यात शिरतो, तो थेट किल्ल्याच्या तटातूनच. दक्षिणेला कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी १६व्या शतकात बांधला व १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज त्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरे आहेत, माणसांची रोजची ये-जा आहे.

याच गावातल्या एका शाळेतील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी कोटाचा नकाशा काढायला घेतला. टेप धरून तटाची मापे घेतली, पडलेल्या भागांची नोंद केली. आता हे सारे शाळेच्या लॅपटॉपवर उतरवायचे होते. उपग्रहातून घेतलेले छायाचित्र समोर हवे, मापांचा तक्ता शेजारी हवा आणि काढत असलेला नकाशाही दिसत राहायला हवा. पण लॅपटॉपचा पडदा तो केवढा! एक खिडकी उघडली की दुसरी झाकली जाई. तक्त्यातला आकडा पाहून नकाशाकडे येईपर्यंत मुले आकडा विसरत. एकदा ४७ मीटरचा तट ७४ मीटरचा झाला आणि पुढची सगळी आकृती वाकडी गेली.

शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दोन वापरलेले मॉनिटर दिले होते. ते लॅपटॉपला जोडावेत असे ठरले. लॅपटॉपवर मॉनिटरचे, म्हणजे एचडीएमआय जातीचे, सॉकेट एकच होते. एका सॉकेटाची दोन सॉकेटे करणारी एक डबी बाजारात मिळते असे नववीतल्या एका मुलीने सुचवले. वर्गाने रद्दी विकून जमवलेल्या पैशांतून ती डबी आणली. केबली जोडल्या, बटणे दाबली आणि दोन्ही मॉनिटरांवर चित्र आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण क्षणभरच. दोन्हींवर एकच चित्र होते! छायाचित्र आले तर दोन्हीकडे छायाचित्र, तक्ता उघडला तर दोन्हीकडे तक्ता.

“पैसे पाण्यात गेले,” कोणीतरी म्हणाले. ती मुलगी खाली मान घालून बसली. त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी मला बोलावले, ते याच वेळी.

डबी बिघडलेली नव्हती आणि दुकानदारानेही फसवले नव्हते. आपल्याला नेमके काय हवे, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारला गेला नव्हता, एवढेच. तो प्रश्न कसा विचारावा, हे समजून घेण्यासाठी पडद्यावर चित्र कसे येते ते आधी पाहू या.

चित्र म्हणजे अंकांची रांग

मॉनिटरचा पडदा भिंगातून पाहिला तर त्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या मॉनिटरवर एका आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार करा : २०,७३,६०० पिक्सेल! प्रत्येक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग कमी-जास्त प्रमाणात मिसळतात. प्रत्येक रंगाचे प्रमाण सांगायला ८ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ८ अंक लागतात. तीन रंगांचे मिळून २४ बिट झाले.

लॅपटॉप हे सारे अंक आपल्या स्मृतीत एका जागी मांडून ठेवतो. मग त्याच्या चित्रविभागातील एक यंत्रणा ते अंक क्रमाने वाचू लागते. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्या खालची, असे करत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि पुन्हा वर येऊन पहिल्यापासून सुरुवात करते. नेहमीच्या मॉनिटरसाठी ही फेरी सेकंदाला ६० वेळा होते. पडद्यावरचे चित्र जराही हलत नसले, तरी फेऱ्या चालूच असतात.

रेवदंडा-चौलच्या मुलांना ही गोष्ट सहज समजावी. वाडीतला रहाट डोळ्यांपुढे आणा. आता बहुतेक ठिकाणी पंप बसले आहेत. पण आजोबांना विचारा, ते सांगतील. रहाटाची माळ फिरते, लोटे विहिरीत बुडतात, भरून वर येतात, पन्हळीत रिकामे होतात आणि पुन्हा खाली जातात. पन्हळीतून पाटात आणि पाटातून झाडांच्या आळ्यांत पाणी पोहोचते. लॅपटॉपची स्मृती ही विहीर, अंक वाचणारी यंत्रणा हा रहाट, केबल हा पाट आणि मॉनिटर हे आळे. रहाट थांबला की पाट कोरडा पडतो. तसेच वाचणारी यंत्रणा थांबली की मॉनिटर काळा पडतो.

पाटातून किती पाणी?

आता थोडे गणित करू. एका चित्रासाठी २०,७३,६०० पिक्सेल आणि प्रत्येकाचे २४ बिट, म्हणून ४,९७,६६,४०० बिट. सेकंदाला अशी ६० चित्रे म्हणजे २,९८,५९,८४,००० बिट, अर्थात सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट.

प्रत्यक्षात याहून थोडी अधिक वाहतूक लागते. जुन्या मॉनिटरांत काचेची नळी असे व इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळी काढी. एक ओळ संपली की झोताला परत डावीकडे यायला थोडा वेळ लागे. चित्र संपले की खालून वर जायलाही वेळ लागे. त्यासाठी ओळींच्या व चित्रांच्या मध्ये मोकळी जागा ठेवत. नळी गेली, तरी ही मोकळी जागा पुष्कळशी राहिली. एचडीएमआय केबलीतून ध्वनीचे अंक याच मोकळ्या जागेत पाठवले जातात! ही जागा धरली, की एका ओळीचे २२०० पिक्सेल व एकूण ११२५ ओळी होतात. म्हणून :

२२०० × ११२५ × ६० × २४ = ३,५६,४०,००,०००

म्हणजे एका साध्या मॉनिटरला सेकंदाला सुमारे ३.५६ अब्ज बिट लागतात. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला वारंवार लागणार आहे.

ज्याला ‘४-के’ म्हणतात त्या मॉनिटरवर ३८४० × २१६० पिक्सेल असतात. लांबी दुप्पट व उंचीही दुप्पट, म्हणून पिक्सेल चौपट. साहजिकच पाटही तितकाच मोठा लागतो.

नक्कल आणि विस्तार

आता त्या डबीकडे वळू. तिला स्प्लिटर म्हणतात. एका केबलीतून आलेले अंक ती वाचते आणि त्यांच्या दोन प्रती काढून दोन केबलींत सोडते. वाडीची उपमा इथे थोडी सुधारून घ्यावी लागेल. एका पाटाचे दोन पाट केले तर प्रत्येकात निम्मे पाणी जाते. अंकांचे तसे नाही. वर्गात एका मुलीने वही वाचली आणि दोघांनी ती उतरवून घेतली, तर दोघांनाही पूर्ण मजकूर मिळतो. पण मजकूर एकच! स्प्लिटर ही उतरवून घेणारी डबी आहे. नवा मजकूर ती कोठून आणणार?

लॅपटॉपच्या दृष्टीने पाहा. त्याच्या एका सॉकेटाला एकच मॉनिटर जोडलेला आहे, असेच त्याला वाटते. म्हणून तो एकच चित्र वाचून पाठवतो. या मांडणीला नक्कल म्हणू. मुलांना हवा होता तो विस्तार. डावीकडच्या मॉनिटरवर छायाचित्र, उजवीकडच्यावर तक्ता, मध्ये लॅपटॉपवर नकाशा. त्यासाठी लॅपटॉपने तीन वेगवेगळी चित्रे तयार केली पाहिजेत, तीन रहाट एकाच वेळी फिरले पाहिजेत आणि प्रत्येकाला आपापला पाट मिळाला पाहिजे.

खरेदीपूर्वीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : लॅपटॉपमध्ये रहाट किती? चित्रविभागाच्या चिपमध्ये वाचणाऱ्या यंत्रणा ठरावीकच बसवलेल्या असतात. अनेक साध्या लॅपटॉपांत त्या तीन किंवा चार असतात. लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही त्यातलीच एक वापरतो, हे विसरू नये. म्हणजे तीन असतील तर बाहेरचे दोनच मॉनिटर स्वतंत्र चालतील. ही संख्या महाग डबी आणून वाढत नाही. ॲपल कंपनीच्या २०२० सालच्या, एम१ चिप असलेल्या मॅकबुक एअरचे उदाहरण घ्या. हा लॅपटॉप वेगवान म्हणून गाजला. पण कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे त्याला बाहेरचा मॉनिटर एकच जोडता येतो. गणिताचा वेग वेगळा आणि रहाटांची संख्या वेगळी! आपल्या लॅपटॉपचा आकडा निर्मात्याच्या माहितीपत्रकात सापडतो.

दुसरा प्रश्न : सॉकेट कोणत्या जातीचे? सॉकेटाचे तोंड पाहून फसू नये. याचे सविस्तर विवेचन पुढे येईल.

तिसरा प्रश्न : पाट केवढा? एका केबलीतून दोन चित्रे न्यायची असतील तर दोघांची बेरीज त्या केबलीच्या क्षमतेत बसली पाहिजे.

सॉकेटांची ओळख

व्हीजीए : आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेले हे सॉकेट तीन ओळींत १५ छिद्रांचे असते व दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. यातून अंक जात नाहीत. रंगांच्या प्रमाणात कमी-जास्त होणारा विजेचा दाब जातो. जुन्या मॉनिटरांवर ते अजून आढळते.

एचडीएमआय : याचा पहिला आराखडा २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. दूरदर्शन संच, प्रोजेक्टर, लॅपटॉप या सर्वांवर हे दिसते. यातून अंक जातात. एका एचडीएमआय सॉकेटातून एका वेळी एकच चित्र जाते. दुसरे स्वतंत्र चित्र त्याच केबलीतून नेण्याची सोय यात नाही.

डिस्प्लेपोर्ट : हे दिसायला एचडीएमआयसारखेच, पण याचा एकच कोपरा कापलेला असतो. यात चार मार्गिका असतात. २०१० पासूनच्या, म्हणजे १.२ या आवृत्तीपासून एकाच केबलीतून अनेक स्वतंत्र चित्रे नेण्याची सोय झाली. अंकांचे लहान लहान गठ्ठे करायचे, प्रत्येकाला ठराविक जागा द्यायची आणि दुसऱ्या टोकाला ते वेगळे करायचे, अशी ही युक्ती आहे.

यूएसबी-सी : हे लहान, लांबट-गोल व उलटसुलट कसेही बसणारे सॉकेट २०१४ मध्ये आले. नेमकी येथेच सर्वांत जास्त फसगत होते. काही यूएसबी-सी सॉकेटांतून केवळ वीज व साधी माहिती जाते. काहींतून त्याबरोबर डिस्प्लेपोर्टची चित्रेही जातात. काहींवर विजेच्या बाणाची खूण असते, ती थंडरबोल्टची. थंडरबोल्टच्या चौथ्या आवृत्तीचा नियमच असा, की त्यावर दोन ४-के मॉनिटर चालले पाहिजेत. तोंड सगळ्यांचे एकच! सॉकेटाजवळ डी आणि पी ही अक्षरे गुंफलेली खूण किंवा विजेचा बाण आहे का, ते पाहावे. खूण नसेल तर माहितीपत्रक पाहिल्याशिवाय पैसे खर्चू नयेत.

आमच्या शाळेच्या लॅपटॉपला अशी दोन यूएसबी-सी सॉकेटे होती. डाव्या बाजूच्या सॉकेटावर काहीच खूण नव्हती. उजव्या बाजूच्या सॉकेटावर डी-पीची होती. मुलांनी दोन्ही पाहिली होती, पण दोन्ही ‘चार्जिंगची’ म्हणून सोडून दिली होती.

एका केबलीत दोन चित्रे बसतील का?

बाजारात यूएसबी-सीला जोडायचे एक हब मिळते. त्याच्या दुसऱ्या बाजूला दोन एचडीएमआय सॉकेटे असतात. त्यावर दोन स्वतंत्र चित्रे येतील का? गणित करून पाहू.

यूएसबी-सीच्या जलद तारांच्या चार जोड्या असतात. हबवर जलद यूएसबी सॉकेटेही असतील तर दोन जोड्या त्यांच्यासाठी राखून ठेवतात आणि चित्रांना दोनच मार्गिका उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका मार्गिकेतून सेकंदाला ५.४ अब्ज बिट धावतात. परंतु वाटेत चूक होऊ नये म्हणून प्रत्येक ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात. म्हणून उपयोगाचे उरतात ४.३२ अब्ज. दोन मार्गिकांचे ८.६४ अब्ज. दोन साध्या मॉनिटरांना लागतात ३.५६ × २ = ७.१२ अब्ज. बसले! तीन मॉनिटरांना लागतील १०.६८ अब्ज. नाही बसत.

आता लॅपटॉप जुना आहे व तो निम्म्याच वेगाने पाठवतो असे समजा. मग दोन मार्गिकांतून ४.३२ अब्ज जातील. त्यात एकच मॉनिटर बसेल. हब तेच, केबली त्याच, मॉनिटर तेच. तरीही एका लॅपटॉपवर दोन चालतात आणि दुसऱ्यावर एक! “त्यांच्या घरी चालते, मग आमच्याकडे का नाही?” या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथेच असते.

लॅपटॉपची कार्यप्रणालीही पाहावी लागते. एका केबलीत अनेक चित्रे घालण्याची डिस्प्लेपोर्टची ही युक्ती विंडोज व लिनक्स वापरतात. ॲपलच्या मॅकओएसमध्ये मात्र अशा हबच्या दोन्ही सॉकेटांवर एकच चित्र येते.

आणखी एक वाट आहे. काही डब्या साध्या यूएसबीतून चित्र नेतात. येथे लॅपटॉपमधील एक प्रोग्राम चित्रातला बदललेला भाग शोधतो, तो दाबून लहान करतो आणि साध्या माहितीसारखा पाठवतो. डबीतील चिप तो पुन्हा उलगडून मॉनिटरला देते. येथे रहाट डबीत असतो, असे म्हणा ना! त्यामुळे लॅपटॉपच्या मर्यादेपलीकडे मॉनिटर जोडता येतो. मात्र त्यासाठी प्रोग्राम बसवावा लागतो आणि दाबण्याचे काम लॅपटॉपच्या मेंदूवर पडते. तक्ता किंवा मजकूर दाखवायला ही सोय चांगली. वेगाने हलणारी चित्रे मात्र तिच्यात अडखळू शकतात.

रेवदंड्याच्या शाळेत काय केले?

आम्ही तीनही प्रश्न फळ्यावर लिहिले. माहितीपत्रक पाहता लॅपटॉपमध्ये तीन रहाट होते. एक स्वतःच्या पडद्याला, दोन बाहेरच्यांना. हिशोब जुळला. दोन मॉनिटरांपैकी एकाला एचडीएमआय सॉकेट होते. तो सरळ एचडीएमआय केबलीने जोडला.

दुसरा मॉनिटर जुना, थोडासा चौकोनी, १२८० × १०२४ पिक्सेलचा. त्याला केवळ व्हीजीए. यासाठी यूएसबी-सीतून व्हीजीए करणारी छोटी जोडणी आणली. तिच्या आत अंकांचे विजेच्या दाबात रूपांतर करणारी चिप असते. म्हणून अशी जोडणी एकाच दिशेने चालते. लॅपटॉपकडचे टोक लॅपटॉपला आणि मॉनिटरकडचे मॉनिटरलाच लावावे. दुकानात ‘कशातून कशात’ हे स्पष्ट सांगावे. नुसते ‘दोन्हींची जोडणी द्या’ म्हणू नये.

जोडणी उजवीकडच्या, खूण असलेल्या सॉकेटात घातली. मॉनिटर काळाच! सर्वांचे चेहरे पडले. जुन्या व्हीजीए केबलीचे टोक उघडून पाहिले तर पिनांवर हिरवट थर. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत तांबे असे हिरवे पडते व वीज नीट वाहत नाही. दुसरी केबल लावली, दोन्ही स्क्रू घट्ट केले आणि मॉनिटर उजळला. किनाऱ्यावरच्या शाळांनी न वापरलेल्या केबली झाकण असलेल्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

एक गंमत सांगतो. कोणत्या मॉनिटरवर किती पिक्सेल, हे लॅपटॉपला आम्ही सांगितले नव्हते. मग त्याला कसे कळले? प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी ओळखपत्रिका असते. निर्माता कोण, पिक्सेल किती, सेकंदाला फेऱ्या किती हे तिच्यात लिहिलेले असते. मूळ पत्रिका केवळ १२८ बाइटची. म्हणजे इंग्रजी १२८ अक्षरांएवढी. केबल लावताच लॅपटॉप ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र बेततो. केबलीतली नेमकी ही पत्रिका वाचणारी तार तुटली असेल, तर चित्र भलत्याच आकाराचे येते किंवा मॉनिटर ओळखलाच जात नाही.

करून पाहा

घरी किंवा शाळेत लॅपटॉप व मॉनिटर असेल तर मोठ्यांच्या परवानगीने पुढीलप्रमाणे करा.

१. लॅपटॉप व मॉनिटर यांच्या सॉकेटांची यादी करा. खुणा नीट पाहा.

२. केबल जोडा. जोर लावू नका. टोक वाकडे शिरत असेल तर ते चुकीचे आहे. काढताना तार ओढू नका, टोक धरा.

३. मॉनिटर सुरू करा. त्याच्या बटणांनी योग्य सॉकेट निवडा. मॉनिटरला दोन सॉकेटे असतील आणि तो दुसऱ्याकडेच पाहत बसला असेल, तर सारे बरोबर असूनही पडदा काळा राहतो.

४. विंडोज असेल तर विंडोजच्या खुणेचे बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय दिसतील : केवळ लॅपटॉप, नक्कल, विस्तार, केवळ दुसरा पडदा. प्रत्येक पर्याय निवडून काय होते ते वहीत लिहा.

५. विस्तार निवडल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा. तेथे १, २, ३ अशा आकड्यांचे चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ते चौकोन सरकवा. डावा मॉनिटर चौकोनांत उजवीकडे राहिला, तर माउसचा बाण उजव्या काठावरून बाहेर पडून डावीकडे उगवेल!

हा खेळ नवा नाही. १९८७ च्या मॅकिंटॉश-२ या संगणकावर अनेक मॉनिटर जोडून खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवता येई. त्यासाठी प्रत्येक मॉनिटरला संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. विंडोजमध्ये ही सोय १९९८ च्या आवृत्तीपासून आली. तेव्हा प्रत्येक कार्ड डोळ्यांना दिसे. म्हणून ‘एक कार्ड, एक चित्र’ हे आपोआप कळे. आता सारे रहाट नखाएवढ्या चिपमध्ये लपले आहेत, म्हणून आपण सॉकेटे मोजतो आणि चुकतो.

शेवट

नकाशा पुरा झाला. डावीकडे छायाचित्र, उजवीकडे तक्ता, मध्ये तट हळूहळू उभा राहिला. ४७ चे ७४ पुन्हा झाले नाहीत. कारण आकडा डोक्यात धरून ठेवायची गरजच उरली नाही. एक मूल माप वाचे, दुसरे छायाचित्रावर जागा दाखवी, तिसरे रेघ ओढी.

आणि ती डबी? प्रदर्शनाच्या आधी पालकांना नकाशा दाखवायचा होता. शाळेचा वर्ग लांबट. मागच्यांना पुढचे दिसत नाही. मी काही सुचवण्यापूर्वीच ती मुलगी उठली. तिने स्प्लिटर आणला आणि जुन्या मॉनिटरच्या जागी शेजारून मागून आणलेला एचडीएमआयचा दुसरा मॉनिटर जोडला. एक मॉनिटर पुढे, एक वर्गाच्या मध्यावर. दोन्हींवर तोच नकाशा. “इथे आपल्याला नक्कलच हवी आहे ना, सर?” तिने विचारले.

बाईंनी फळ्यावरचे तीन प्रश्न पुसले नव्हते. त्यांनी खडू त्या मुलीच्या हाती दिला. तिने त्यांच्याही वर आणखी एक प्रश्न लिहिला : आपल्याला नक्कल हवी, की विस्तार?

स्वाध्याय

१. एका ४-के मॉनिटरवर एकूण किती पिक्सेल असतात? सेकंदाला ६० चित्रे व प्रत्येक पिक्सेलचे २४ बिट धरून, मोकळी जागा न मोजता, किती बिट लागतील?

२. एका केबलीची उपयोगी क्षमता सेकंदाला १७.२८ अब्ज बिट आहे. तिच्यातून ३.५६ अब्ज बिट लागणारे किती मॉनिटर चालतील? लॅपटॉपमध्ये तीनच वाचणाऱ्या यंत्रणा असतील व त्याचा स्वतःचा पडदाही सुरू असेल, तर उत्तर काय येईल?

३. रहाट व पाट यांची उपमा स्प्लिटरला पूर्णपणे का लागू पडत नाही?

४. आपल्या शाळेतील सर्व संगणक व मॉनिटर यांच्या सॉकेटांचा तक्ता करा आणि तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा. पुढच्या वर्षीच्या मुलांचे पैसे वाचतील.

(उत्तरे : १. ८२,९४,४०० पिक्सेल, ११,९४,३९,३६,००० बिट. २. केबलीच्या हिशोबाने चार. यंत्रणांच्या हिशोबाने बाहेरचे दोनच.)